वखारीतले तीळ

नाना, धुळ्यातलं घर सोडून मी सावद्याला कायमची राहायला आले, त्याला आता तीन महिने झाले, एवढं तुम्हाला सांगायचं होतं. तुमच्या माघारी तुमचा धाकटा लेक एकटाच केळ्यांची वखार चालवतो. मी आले तेव्हा पिकायला घातलेल्या केळ्यांचा वास अजून तसाच घरभर होता. पहिल्या दिवशी तर मला भोवळ आली, इतका.

माय आजारी पडली त्या वर्षी मामा पलटणीतून रजेवर आला तेव्हा पहाडातली व्हायोलेटची रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला. आपल्याकडच्या उन्हात ती जगतील कशी म्हणून सगळे हसले, आणि तुम्ही हट्टाने ती केळीच्या बागेत, गर्द सावलीत लावली. थंडीत खरोखर जांभळी फुलं आली. माय तेव्हा खाटेवरून उठत नव्हती. तुम्ही तिच्या उशाशी मूठभर फुलं ठेवलीत, ती हुंगून म्हणाली, "उन्हाया लागला म्हणजे हा वास कुठी भेटीन मले?" डॉक्टरांनी उन्हाळ्याचा भरवसा दिला नव्हता, हे तिला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "भेटीन. मी ठेवतो ना."

मग ते तिळांचं वेड. सोललेले तीळ ताटात पसरायचे, त्यावर फुलं, वर फडकं. फुलं कोमेजली की नवी घालायची, म्हणजे वास तिळात मुरतो, आणि मग त्या तिळांचं तेल काढायचं. स्वयंपाकघरात फोडणीचा वास लागेल, देवघरात उदबत्तीचा. दुसरा कसलाच वास लागू नये म्हणून, अहो नाना, तुम्ही ते ताट नेऊन ठेवलंत कुठे, तर वखारीत. दार बंद, वारा नाही. घरातल्या एकानेही तुम्हाला अडवलं नाही. केळ्यांना वास असतो हे आपल्याकडे कोणाला ठाऊकच नव्हतं.

मी तेव्हा धुळ्याला शिकत होते. तेल टिकवायचं कसं, हे विचारायला तुम्ही बाटली घेऊन तिथल्या अत्तरवाल्याकडे आलात, मला सोबत घेतलंत. त्याने बूच काढलं, हुंगलं आणि विचारलं, "भाऊ, पिकल्या केळ्यांचं तेल कशाला काढलं?" तुम्ही हुंगलंत. पुन्हा हुंगलंत. "फुलाचा येतो ना," म्हणालात आणि बाटली माझ्या हातात दिलीत. हॉस्टेलवर राहून माझ्या नाकाची वखारीची सवय सुटली होती. "नाना, केळीच आहेत," मी म्हणाले. तुम्ही बूच लावलंत आणि आपण स्टँडवर आलो. एसटी लागेपर्यंत बाटली मुठीत धरून बसून राहिलात. तोवर ऊन तापून वाफा करपून गेला होता, नवी फुलं मिळणार नव्हती.

तरी मायच्या केसांना ते तेल तुम्ही स्वतः लावलंत. "आला," ती म्हणाली. तिला खरंच आला की तुमच्यासाठी म्हणाली, हे मला आजवर कळलं नाही. चैत्रात ती गेली. तुम्ही ती बाटली पुन्हा कधी उघडली नाहीत.

तुमच्यामागे ती मी धुळ्याला नेली. अधूनमधून उघडायची. व्हायोलेटचा पत्ता नसायचा, पण वखार यायची, फडकं झाकलेलं ताट घेऊन निघालेले तुम्ही यायचात, मायचे केस यायचे. फार रडायचे मी. तेवढ्यावर इतकी वर्षं निभावली. आता सगळं एका जागी असावं म्हणून तर इथे आले.

हे पत्र टाकणार कुठे? बाटलीखालीच ठेवते. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी बूच काढून नाकाशी धरलं. मग धाकट्यालाही हुंगायला दिलं. आम्हा दोघांनाही कसलाच वास आला नाही.