फियाटचा धूर

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सांगोला, १२ डिसेंबर २०२४

चि. गुरुशांत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी मास्तरणीच्या सवयीने कागद घेतला. दाढ दुखतेय की काय तुझी?

रविवारच्या जुन्या गाड्यांच्या फेरीची नशा अजून उतरलेली नाही बघ. अप्पांची फियाट, मागच्या सीटवर मी इरकल नेसून, आणि तू स्टिअरिंगवर अगदी अप्पांसारखा ताठ! सोलापुरात सात रस्ता चौकात लोक वळून वळून बघत होते. अप्पा गेल्यावर ही गाडी भंगारात घाल म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते. ते शब्द मागे घेते.

पण त्या मोहोळच्या पीयूसी केंद्रवाल्या वैजयंतीबाईचा राग काही जात नाही. गाडी पन्नास वर्षांची असो की पाच, धुराची तपासणी कुणाला चुकत नाही, हे मलाही कळतं. फेरीच्या मंडळाने तिला त्या सकाळी मशीन घेऊन बोलावलं तेव्हा मीच पुढे झाले आणि म्हटलं, आमच्यापासून सुरुवात करा, माझा भाऊ स्वतः सोलापुरात पीयूसी केंद्र चालवतो. आणि तिने चारचौघांत आपली गाडी नापास केली! बरं झालं, तू शांतपणे सांगितलंस की तुमचं मशीन बिघडलंय. केंद्रवाल्याचा शब्द, मंडळाने मानला आणि तिला परत पाठवलं. मी मात्र तेवढ्यावर गप्प बसणारी नाही. दुसऱ्याच दिवशी परिवहन कार्यालयात तिच्याविरुद्ध लेखी तक्रार देऊन आले. चौकशी होईपर्यंत तिचं केंद्र बंद ठेवलंय म्हणे.

माझ्या भावजयीला, रत्नाला, आशीर्वाद. डाळिंबं पाठवतेय, एकट्याने फस्त करू नकोस. आहे ती माया वाढती ठेव.

तुझी
सिद्धेश्वरी अक्का

---

सोलापूर, १५ डिसेंबर

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

दाढ दुखत नाही. तुझा आवाज ऐकायची हिंमत नव्हती.

अक्का, तिचं मशीन बिघडलेलं नव्हतं. आपल्या फियाटच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन तेल जाळतं. ते काम फेरीच्या आधी होण्यासारखं नव्हतं आणि पीयूसीशिवाय मंडळ गाडी घेणार नव्हतं. मग शेजारच्या शरणबसवची नवी गाडी केंद्रावर आणली, नळी तिच्या सायलेन्सरमध्ये घातली आणि फोटो फियाटच्या नंबरप्लेटचा काढला. झालं सर्टिफिकेट. रोज मी रिक्षावाल्यांना धूर जास्त आहे म्हणून परत पाठवतो. ते हातापाया पडतात, तरी ऐकत नाही. आणि घरच्या गाडीला हे असं.

तरी तेवढ्यावर थांबलं असतं. तिने नापास म्हटल्यावर मी मान खाली घालायला हवी होती. पण तू माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना माझी ओळख करून देत होतीस. तोंडातून निघून गेलं, मशीन बिघडलंय. ती भांडली नाही ग. एवढंच म्हणाली की भाऊ, तुमी बी ह्योच धंदा करता की. तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

तिचं केंद्र बंद झालं हे तुझ्या पत्रातूनच समजलं. रत्नाला काहीच सांगितलेलं नाही. कार्यालयाच्या फाटकापर्यंत गेलो आणि माघारी आलो. खरं बोललो तर माझं केंद्र जाईल. काय करू, सांग.

मायेला पात्र उरलो असेन तर राहू दे.

तुझा
गुरुशांत

---

सांगोला, १९ डिसेंबर

चि. गुरुशांत यास आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तशीच एसटीने सोलापूरला गेले. तक्रार मागे घेतली. पण तिथल्या साहेबांनी सांगितलं की चौकशी आता सुरू झाली, नुसती तक्रार मागे घेऊन भागत नाही. फियाट मग पास कशी झाली, ते कुणीतरी सांगायला हवं. मला ठाऊक होतं. तरी बोलले नाही. ते तुझं तूच सांगायचंस.

येताना मोहोळला उतरले. वैजयंतीबाईंच्या केंद्राला कुलूप. घर मागेच आहे. तिच्या सासू बजाबाईंनी तक्रारवाली मीच हे ओळखलं नाही, पाणी दिलं, वर चहा ठेवला. वैजयंती आली आणि दारातच उभी राहिली. सगळं सांगितलं मी. मला खरं ठाऊक नव्हतं, असंही म्हटलं. तर तिनं विचारलं, ठावं न्हवतं तर मग एवढं वरडलात कशाला?

तीस वर्षं पोरांना प्रश्न विचारले रे मी. आता तिने मला विचारला. चहा तसाच ठेवून उठले. लबाडी तुझी, पण तिची भाकरी बंद केली ती मी.

केंद्र जाईल म्हणतोस. जाऊ दे. रत्नाला आधी सांग, मग जा. उपाशी राहिलास तर सांगोल्यात घर आहे.

राग आहे, पण त्यापायी माया आटलेली नाही.

अक्का

---

सोलापूर, ४ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. नमस्कार वि. वि.

सांगून आलो. आधी रत्नाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती डबा हातात देऊन म्हणाली, जा आता, उशीर नको. साहेबांसमोर जबाब दिला, सही केली. माझं केंद्र सहा महिन्यांसाठी बंद, पुढचं नंतर ठरेल. वैजयंतीबाईंचं त्याच आठवड्यात उघडलं. मंडळाच्या बैठकीतही उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, झालं गेलं, कशाला वाढवता? मी म्हटलं, तिला खोटं ठरवलं ते चारचौघांत, मग हेही चारचौघांतच सांगू द्या.

पीयूसीशिवाय चालवायची नाही, म्हणून काल फियाट दुसऱ्या गाडीला दोर लावून मोहोळला नेली. वाटभर लोक विचारत होते, बंद पडली काय? केंद्रावर रांग होती. रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा वैजयंतीबाईंनी माझ्याकडे बघितलं, नमस्कार केला नाही. नळी लावली, रेस द्यायला सांगितलं आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवून म्हणाल्या, वाचा. मी नापासाचा आकडा वाचला. मोठ्यानं वाचा म्हणाल्या. मोठ्यानं वाचला, अक्का. अगदी मागच्या रिक्षावाल्यालाही ऐकू गेला असेल. माफी मागायला तोंड उघडणार, तोवर त्यांनी नळी काढून फडक्यानं पुसली, मला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं आणि रिक्षाला पुढं बोलावलं.

इंजिन बंद करून मी एकटाच गाडी ढकलत होतो. मग तो रिक्षावाला उतरला आणि न विचारता मागून हात लावला.

तुझी माया आहे, म्हणूनच एवढं लिहू शकलो.

तुझा
गुरुशांत