अनुभवाचा कोरा रकाना

सोलापूर

प्रिय रखमाक्का,

मुंबईच्या आरोग्यशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज समोर आहे. उद्या पोस्टात पडलाच पाहिजे. सगळं लिहून झालं, ‘अनुभव’ हा रकाना तेवढा कोरा आहे. खाली बारीक अक्षरात म्हटलंय, ‘प्रमाणपत्र जोडावे’. कुठून जोडू? मागितलं की ‘देते की!’ म्हणायचात, आणि गेल्या महिन्यात तापाचं निमित्त होऊन निघूनच गेलात. ही काय रीत झाली?

खरं तर मी गेल्या वर्षीच जाणार होते. बी.एस्सी.ला मार्क चांगले होते, घरचेही कसेबसे तयार झाले होते. तुम्ही आमच्या भागातल्या दवाखान्याच्या नर्सबाई, म्हणून शिफारस मागायला आले, तर म्हणालात, "आदी एक वरीस माझ्यासंगं गल्ल्या फिर. मग जा कुटं जायचं तितं." घरी येऊन मी रडले. रखमाक्कांना माझं बरं बघवत नाही, असंही आईला बोलले. तुमच्या कानावर गेलं नाही ना ते?

आणीबाणी नुकतीच उठली होती. दवाखान्याची बाई दिसली की नसबंदीच्या धास्तीनं विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत धडाधड दारं लागायची. तुम्ही मात्र खुशाल त्यांच्यातल्या नरसम्माच्या ओट्यावर बसलात, तिच्या टोपलीतली तेंदूची पानं घेतलीत आणि कात्रीनं कापू लागलात. आरोग्याचा एक शब्द नाही! मी आपलं पोस्टर उलगडून अर्धा तास भाषण ठोकलं. कुणी मान वर केली नाही. पोस्टर तेवढं आवडीनं ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर ते तंबाखूच्या सुपावर झाकलेलं. किती हसलात तुम्ही!

"त्येंचं हात थांबलं तर खातील काय? तूच कात्री घे की."

घेतली. कितीतरी दिवस माझी पानं वाकडीच निघायची. बायका ती मुकाट बाजूला काढायच्या, पण हळूहळू मला सरकून जागाही द्यायला लागल्या.

मग एका दुपारी नरसम्मानं विडी वळता वळता, खाली मान घालूनच मला विचारलं, "पोरगं सकाळधरनं हगाय लागलंय. पानी बंद केलंय. बराबर हाय न्हवं?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्हाला उत्तर माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं येत होतं, आक्का! तुम्ही वर बघितलंच नाही, पानं कापत राहिलात. शेवटी मीच उठले. पाणी उकळून गार केलं, मीठ-साखर घातली, चमच्या-चमच्यानं पाजायला शिकवलं. संध्याकाळी पोरगं उठून बसलं. परतताना तुम्ही एवढंच म्हणालात, "आता जा मुंबईला."

इतकं येत असून गप्प बसायला केवढं मन लागतं! मला ते अजून दुसऱ्या कुणात दिसलेलं नाही. आणि मी म्हणे, तुम्हाला माझं बरं बघवत नव्हतं! लाज वाटते मला.

आत्ताच रकाना भरला: ‘रखमाक्कांबरोबर एक वर्ष विडी कामगारांच्या गल्लीत पानं कापली. प्रमाणपत्र नाही.’ घेतील न घेतील, त्यांचं ते बघतील.

तुम्हाला मात्र शब्द देते. शिकून मी याच गल्लीत परत येईन. तेव्हा माझ्याबरोबरही एखादी नवी मुलगी असेल, हातात पोस्टर घेऊन. तिला कुणी काही विचारलं आणि ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, तर उत्तर ओठांवर आलं तरी मी मान वर करणार नाही. पानं कापत राहीन.

तुमची,
वाकडी पानं कापणारी सुमन