तिसरा तुकडा

१२ जानेवारी
आज पोलाद कारखान्यात, नमुने तोडून तपासणाऱ्या आमच्या हातोड्याच्या यंत्राची पूजा. समोर डुकराचं उकडलेलं मुंडकं, आणि आम्ही तपासनीस ओळीनं वाकलो — वर्षभर कुणाचा हात यंत्रात सापडू नये म्हणून. मी वाकले ती उठेचना. आमचे वरिष्ठ प्यो साहेब म्हणाले, "पुरे की बाई! एवढं काय मागतेस त्याच्याकडे?"

काय सांगू त्यांना!

१५ जानेवारी
लिहूनच टाकते. दीड वर्ष झालं. बर्फाच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजाची प्लेट होती. तिचे तीन तुकडे उणे चाळीसवर गार करायचे, बाहेर काढल्यापासून पाच सेकंदांत हातोड्यानं तोडायचे, तुटायला किती जोर लागला ते मोजायचं. पहिले दोन कमी भरले. तिसरा चिमट्यातून निसटला. मी तो हातानं उचलून ठेवला, मग हातोडा सोडला. दहा-बारा सेकंद गेले. तो टाकून द्यायला हवा होता! तेवढ्यात त्यानं ऊब धरली आणि चिवट निघाला. तिन्हींची सरासरी कशीबशी नियमात बसली. मी पासचा शिक्का मारला.

का? जेवणाची सुट्टी झाली होती. बस्स, एवढंच.

१६ जानेवारी
चांगलं पोलाद वाकतं, फाटतं, धप्प आवाज करतं. ठिसूळ टणकन जातं. पहिले दोन टणकन गेले होते. आज भांड्याचं झाकण पडलं तर मी किंचाळले.

२९ जानेवारी
चांद्र नववर्षासाठी धाकटा ग्योंगसू घरी आला. सूप भुरकत म्हणाला, "ताई, बर्फातल्या जहाजावर नोकरी मिळाली! तुझ्याच हातच्या प्लेटा. बुडालो तर तुझ्या नावानं बोंब मारीन!" आई म्हणाली, "सणासुदीला काय हे अभद्र!" आणि हसली.

मी उठून भांडी घासायला घेतली.

३ फेब्रुवारी
प्यो साहेबांना सगळं सांगितलं. नोकरी जाईल, जाऊ दे. त्यांनी विचारलं, "दीड वर्ष तोंड का नाही उघडलंस?"

भाऊ चढणार नसता तर आजही उघडलं नसतं.

त्या प्लेटची राखून ठेवलेली पट्टी काढली, नवे तुकडे कापले. तिन्ही टणकन.

४ फेब्रुवारी
कुठली प्लेट कुठल्या जहाजात गेली, त्याची यादी साहेबांनी पाहिली. ती प्लेट ग्योंगसूच्या जहाजात नाहीच. त्याच बनावटीच्या जोडीच्या जहाजात बसवली, आणि ते महिन्यापूर्वीच निघालंय. माघारी फिरा, असा निरोप पाठवला. अजून उत्तर नाही. तेवीस माणसं आहेत त्यावर.

आणि ग्योंगसूचं जहाज नाही, हे ऐकल्याबरोबर मला हायसं वाटलं.