फुग्यातली हाक

ता. ३ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस आणि पत्राला मात्र उलट टपाली उत्तर धाडतेस. तुझ्यामुळे आम्ही सगळे पुन्हा हाताने लिहायला लागलो. आई म्हणते, काकूने सगळ्या घराला वळण लावलं.

आता कामाचं. काकांच्या ‘नाववाली’ या चित्रकथेची टीव्ही मालिका जवळजवळ लिहून झाली. शेवटचा भाग माझ्याकडे आहे आणि मी त्यातल्या एका पानावर अडून बसले आहे. तो राक्षस झोपेतच उठून समुद्राकडे चालत निघालाय. पाठीवर अख्खं गाव वसलेलं. त्याला त्याच्या नावाने हाक मारली तरच तो जागा होणार, आणि नाव कोणालाच माहीत नाही. होडीवाली वल्ही मारत मारत मागे येते, होडीत उभी राहते, तोंड उघडते. तोंडाशी काकांनी बोलण्याचा फुगा काढलाय, पण फुगा कोरा. पुढच्या चित्रात राक्षस एक पाय पाण्यात ठेवून मागे वळलेला.

पुस्तकात हे चालून गेलं. वाचणारा मनात काहीतरी म्हणतो आणि पान उलटतो. पडद्यावर नटीने तोंड उघडलं की आवाज हवा. निर्मातीणबाईंनी एक नाव शोधून आणलंय, त्यात दोनदा ‘ग्र’ येतं. मी म्हटलं, हे फरशी पुसायचं औषध वाटतं. त्या म्हणाल्या, खेळण्याच्या खोक्यावर उठून दिसेल. तुझ्या संमतीशिवाय नाव द्यायचं नाही, असं मी करारात घालून घेतलंय. पण दुसरं काही सुचवलं नाही, तर हाकेचा प्रसंगच जाणार. मग होडीवाली राक्षसाच्या टाचेत भाला मारून त्याला थांबवणार. भाला तयारसुद्धा झालाय, काकू. रंगवून भिंतीला टेकवून ठेवलाय.

फुग्यांतली सगळी अक्षरं तुझ्या हातची. काका म्हणायचे, जिच्याकडे नाव आहे तिलाच नाव सापडणार. त्यांनी काय ठरवलं होतं ते तुला माहीत असणारच. सांग ना.

रागावलीस तरी चालेल, पण लवकर लिही.

तुझी,
भिंगरी


ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

भाल्याचं वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि कपाट आवरायला घेतलं. कपाट झालं, पुस्तकं पुसून झाली, तरी भाला डोक्यातून जाईना. ज्या राक्षसाने उभ्या गोष्टीत मुंगीही चिरडली नाही, त्याच्या टाचेत भाला! त्याला नाव ठेवायला निघाले आहेत ना, मग मी त्यांना नावं ठेवली तर बोलू नये कोणी.

आता ऐक. त्या फुग्यात काहीही गूढ नाही. ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून आमची पद्धत अशी, की हे चित्रं आणि फुगे काढायचे, बोलणं फुग्याबाहेर पेन्सिलीने खरडायचे. मी ते शाईने फुग्यात उतरवायची आणि पेन्सिल खोडायची. शेवटच्या पानावर त्या फुग्याबाहेर काही खरडलेलंच नव्हतं. त्यातून फुगा चण्याएवढा. मी भांडलेसुद्धा, की राक्षसाचं नाव ह्यात मावणार कुठे. मला वाटलं, नाव माझ्यापासूनही लपवून ठेवलंय, स्वतः घालतील. ह्यांना वाटलं, मी घालीन. तेवढ्यात छापखान्याचा माणूस आला आणि पान घेऊन गेला. पुस्तक छापून हातात पडलं तेव्हा असे ओरडलो एकमेकांवर, की शेजारीण वाटी परत द्यायला आली होती ती वाटीसकट माघारी गेली. मग हसू फुटलं. पुढे वाचकांची पत्रं यायला लागली. कोणाला त्यात मौनाचं सामर्थ्य दिसलं. एका प्राध्यापकांनी त्या फुग्यावर लेख लिहिला. हे तो मोठ्याने वाचायचे आणि मधेच माझ्याकडे बघून डोळा मारायचे.

खरं नाव काय होतं, म्हणून मी कितीदा विचारलं असेल. प्रत्येक वेळी म्हणायचे, तुला ठाऊकच होतं की, म्हणून तर लिहिलं नाही. मला वाटायचं, स्वतःची चूक माझ्या गळ्यात घालताहेत. हे शेवटी दवाखान्यात असतानाही एकदा विचारलं, तर तेच उत्तर. तेव्हा मी चिडायचं सोडून दिलं होतं.

माझी शाळा अर्ध्यात सुटलेली. ह्यांचे फुगे भरता भरता मी वाचायला लागले. आता वाचनालयातली बाई माझ्यासाठी चेटकिणी आणि उडत्या घोड्यांची जाडजूड पुस्तकं बाजूला काढून ठेवते. तिला मी म्हातारपणी लहान झालेली वाटते, वाटू दे. पण इतकं वाचून एवढं कळतं, की मी आज बसून एखादं नाव जुळवलं आणि ते ह्यांचं म्हणून खपवलं, तर ते खोटं पडेल. तुमचं ग्र-ग्र नको. भालाही नको. आणि माझ्याकडे तिसरं काही नाही. तुझ्या पहिल्या मोठ्या कामात काकूनेच खोडा घातला असं होतंय, त्याचं वाईट वाटतं.

बाकी ठीक. गुडघा कुरकुरतो. पंख्याचा आवाज बंद झाला. काल कॉफीच्या बरणीचं झाकण काही केल्या निघेना. ओट्यापाशी उभी होते, बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, अहो, जरा येता का. हाक गेली आणि मग लक्षात आलं. अजूनही होतं असं अधूनमधून. मग फडकं लावून पिरगाळलं, तर निघालं. रडले नाही, उगाच आईला सांगू नकोस. ह्यांना तरी चित्र काढताना कुठे काही ऐकू यायचं! दारावरची घंटा वाजवून वाजवून लोक परत जायचे. माझी तेवढी हाक पोचायची.

जेवणाच्या वेळा सांभाळ. माया आहे ती आहेच, ती काही करारात घालावी लागत नाही.

तुझी,
काकू


ता. १४ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

नाव तू स्वतःच्या हाताने लिहून पाठवलंस आणि तुलाच पत्ता नाही.

तुझं पत्र मी स्टुडिओत उभ्या उभ्याच वाचलं. बरणीपाशी आले, थांबले, परत वाचलं. काकू, काकांना तू जन्मात कधी नावाने हाक मारली नाहीस. तुझ्या तोंडी त्यांचं नाव तेवढंच. ते चूक तुझ्या गळ्यात घालत नव्हते गं. त्यांना खरंच वाटलं होतं, की हिला सांगायला कशाला हवं.

राक्षस नंतर संगणकावर काढायचाय. तोवर त्याच्या जागी सुतारदादा शिडीवर उभे असतात, काठीच्या टोकाला चेंडू लावून, म्हणजे नटीची नजर उंच राहते. सकाळपासून ती ग्र-ग्र करत घसा फोडत होती आणि सुतारदादा जांभया देत होते. मी तिच्या कानात सांगितलं. तिने विचारलं, राक्षसाला? मी म्हटलं, राक्षसालाच. बरणी उघडत नाहीये असं समज.

ती होडीत उभी राहिली आणि तिने हाक मारली, अहो!

सुतारदादा असे गर्रकन वळले, की चेंडू खाली पडला आणि शिडी डुगडुगली. दिवेवाले दोघेही वळले. आमचे ध्वनीवाले आजोबा आहेत, त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ते चहाचा कप तोंडाशी धरून दाराकडे बघत राहिले. कोणी हसलं नाही. निर्मातीणबाईंनी एवढंच विचारलं, की खोक्यावर काय छापायचं. सुतारदादांनी विचारलंसुद्धा नाही, भाला उचलला आणि गोदामात टाकला.

आता फक्त तुझ्या होकाराची वाट बघते. नाही म्हणालीस तर मी तिथे येऊन दारात बसेन, आणि मला किती भूक लागते ते तुला माहीत आहे.

तुझी,
भिंगरी


ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मूळ पान खाली काढलं. शाई सुकली होती, दुकानात जाऊन नवी आणली. पातळ कागदावर ती दोन अक्षरं लिहिली, पूर्वी लिहायची त्याच आकारात, आणि कागद फुग्यावर धरून बघितला. तंतोतंत बसली. फुगा तेवढ्यापुरताच काढला होता. मी भांडले आणि हे नुसते हसत होते, ते आत्ता कळलं. आता मेलं कोणाशी भांडू?

माझा होकार आहे. पडद्यावर तिने तीच हाक मारावी. पुस्तकातला फुगा मात्र मी भरणार नाही. तो कोराच बरा. प्रत्येकाच्या घरातली हाक वेगळी असते, ती त्याने तिथे घालावी. सुतारदादांना म्हणावं, शिडी जरा भक्कम घ्या. ध्वनीवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि चहा गरम करून दे.

शेवटचा भाग दाखवाल तेव्हा मी येणार आहे. ती हाक मारते आणि तो मागे वळून बघतो, तेव्हा पडद्यातून सरळ आपल्याकडेच बघत असेल ना? विचारते अशासाठी, की मी चष्मा नवा करायला टाकलाय.

कधीही ये.

हाकेच्या अंतरावरची तुझी,
काकू