मारोचा सुधारित वंश

६ ऑक्टोबर
असिमीना जाऊन दीड महिना झाला. रडणं पुरे. आजपासून शास्त्रीय काम. तिच्या आजारपणात शेळ्या विकाव्या लागल्या, मारो तेवढी उरली. बिनशिंगी, एका वेळेला दोन लिटर. असिमीनाचं मिझिथ्रा चीज या मारोच्याच दुधाचं. हा वंश टिकवायचाच. दूध रक्तातून येतं, हे कळायला कॉलेज लागत नाही.

९ ऑक्टोबर, सकाळ
सिद्धान्त सापडला! शिंगांत वाया जाणारी ताकद वाचली की सडांत उतरते. म्हणजे बोकडही बिनशिंगीच हवा. डोंगरापलीकडे स्फाकिया भागात मिळाला. देखणा गडी. मेहुणी देस्पो म्हणाली, "दाजी, ताई मारोला नेहमी माझा शिंगाळा बोकडच दाखवायची." का, ते तिलाही ठाऊक नाही. बायकांच्या समजुती!

११ मार्च
मारो व्याली. दोन्ही माद्या! एकीच्या डोक्याला शिंगांचे कोंब लागतात. दुसरी गुळगुळीत. गुळगुळीत रीना, माझं भविष्य.

५ एप्रिल
ईस्टरला सगळे बोकड कापतात. मी कोंबवाली दिली. ब्रीडिंग म्हणजे काळीज घट्ट हवं. देस्पो म्हणाली, "अहो, मादी कुणी कापतं का? मला द्या, मी सांभाळते." नाही दिली. म्हणे सांभाळते!

८ एप्रिल
मटण छान झालं म्हणतात. मला खाववलं नाही.

२० ऑक्टोबर
रीना माजावर येत नाही. उशिरा वयात येणाऱ्या शेळ्या जास्त दूध देतात, असं माझं निरीक्षण आहे. (एकाच शेळीचं.)

४ नोव्हेंबर
मारोही गाभण राहिली नाही. बारा वर्षांची झाली. विश्रांती घेत असावी.

१५ नोव्हेंबर
रीना मारोच्या मागे मागे फिरते, ओठ मुडपते. बोकडासारखा वास येतो. स्वभाव दमदार. देस्पो म्हणते, "दाजी, गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा हो." बघू.

२ डिसेंबर
डॉक्टरीणबाई आल्या. पाच मिनिटं तपासलं. म्हणाल्या, "काका, ही धड मादी नाही, धड बोकडही नाही. दोन्ही बिनशिंगी जोडलीत ना? दोघांकडून तो गुण आला की माद्या अशा निघतात. हिला दूध कधीच येणार नाही. पण कोंब असलेली एखादी झाली असेल तर ती अगदी चांगली. आहे का?"
म्हणालो, चरायला गेलीय.

८ जानेवारी
मारो गेली. थंडीनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयानं. असिमीना, चुकलो ग.

२१ ऑगस्ट
असिमीनाच्या दुसऱ्या वर्षाची प्रार्थना. पाद्रीबाबा आले, गाव आलं. बंदरावरच्या दुकानातलं डब्याचं चीज आणून तिच्या वाडग्यात काढलं. सगळे म्हणाले, "अगदी असिमीनाच्या हातची चव!" मी म्हणालो, मारोच्या वंशाचं आहे. देस्पो उठून बाहेर गेली. मग मीही एक तुकडा खाल्ला. तिच्या हातची चव कशी होती, आठवेचना.