सिंगल बेल

मोहाडी
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. राखी हिला आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी आणि पोटातल्या पाहुण्याची खुशाली रोज फोनवर कळतेच, मग आई आज पत्र कशाला लिहायला बसली, असं तुला वाटेल. फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो. एसटीच्या एंजिनाशेजारी एकतीस वर्षं बसून त्यांचे कान गेले, म्हणून ते तो स्पीकरवरच लावतात. मी जे बोलते ते आधी त्यांना, मग अर्ध्या गल्लीला आणि सगळ्यात शेवटी तुला ऐकू येतं. शेजारची चंदा शनिवारी तुमसर रोडवरून रेल्वेने रायपूरला मावशीकडे निघाली आहे. तिच्या हाती हे देते. कैलाशरावांनाही वाचायला दे.

धान कापून झाला, बांधीत पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवलेत. चिन्नोरचा नवा तांदूळ तुझ्यासाठी वेगळा काढणार आहे. डिंकाचे लाडू झाले. मांजरीने पुन्हा माळ्यावर पिल्लं दिली, चार आहेत, बाबा त्यांना दूध पाजतात आणि मला सांगतात की मी नाही पाजत.

सोमवारी सकाळी सहाला आम्ही तुला आणायला निघणार, हे तुला ठाऊक आहे. बाबांनी कॅलेंडरवर गोल केला आहे. आठवा महिना लागायच्या आत पोर घरी आली पाहिजे, असं सगळ्यांना सांगत सुटलेत. गाडी आतापर्यंत दोनदा धुऊन झाली. एवढंच लिहून पत्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

राखी, तू त्या गाडीत बसू नकोस.

आता सरळच सांगते. गाडीचा डावा आरसा बैलाच्या धडकेने फुटला, असं आम्ही तुला सांगितलं होतं. तू हसली होतीस, बैल गाडीच्या इतक्या जवळ काय करत होता म्हणून. बैल नव्हताच. साकोलीच्या पुलावर एक ट्रक माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून गेला, तो आरसा घेऊन गेला.

कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

तुझ्या बाबांनी भंडारा-देवरी गाडी चालवली ती जुन्या रस्त्यावर. त्यांच्या तोंडी तो हायवे अजून सहा नंबरच. पाटीवर त्रेपन्न लिहिलेलं दिसलं की मला विचारतात, "हे त्रेपन्न कोठून आलं वो?" जसं काही मीच लिहून आले. पाटी वाचून गाडी चालवणं त्यांना कधी लागलंच नाही. चिंचेची तीन झाडं आली की गती कमी करायची, पिवळ्या डोक्याचा दगड आला की साकोली पाच किलोमीटर. आता झाडं गेली, दगड गेले. गाव यायच्या आधी पूल सुरू होतो. वर गेलात तर गाव खालून निघून जातं, आणि खाली उतरायचं तर पाव मैल आधीच डावीकडे यावं लागतं. सगळं त्या निळ्या-हिरव्या पाट्यांवर लिहिलेलं असतं आणि पाट्या असतात डाव्या कडेला. डाव्या कडेचं तुझ्या बाबांना दिसत नाही.

म्हणून मी वाचते. तुझी आई बपेऱ्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकली, त्याचा उपयोग आता होतो आहे. पण वाचून सांगितलं तर त्यांना ऐकू जात नाही, आणि ओरडले तर म्हणतात, "मले कायले शिकवून राहिली? मले सारं दिसते." मग आम्ही आपोआपच एक पद्धत पाडली. मी गाडीच्या समोरच्या फळीवर अंगठीचं बोट वाजवते. ते त्यांना बरोबर कळतं. एकदा वाजवलं की थांबायचं. दोनदा वाजवलं की चालू द्या. त्यांच्या एसटीतली सिंगल बेल आणि डबल बेल. खाली उतरायला आम्ही तीन ठरवले. त्यांचे कंडक्टर केवळराम गेल्या वर्षी वारले, तेव्हा हे मला म्हणाले होते, "आता माह्या मांगं घंटी मारणारं कोणी नाही राहिलं." त्यांची ती जागा मी घेतली म्हण.

दिवाळीनंतर साकोलीला साक्षगंधाला चाललो होतो. पूल समोर दिसत होता. बाबा दुभाजकाला धरून चालले होते. पाटी आली. मी "सा" वाचला, "को" वाचला आणि बोट एकदा वाजवलं. अजून दोनदा वाजवायचं होतं. तेवढ्यात मनात आलं, हीच उतरायची जागा की पुढची? बोट तिथेच अडलं.

त्यांना एकच ऐकू आली. सिंगल बेल. त्यांनी ब्रेक दाबला. पुलाच्या चढावर, भर रस्त्यात, गाडी उभी.

मागच्या ट्रकचा भोंगा अजून माझ्या कानात आहे. तो कसा वळला, देव जाणे. आरसा उडाला तो आवाजही मला नीट आठवत नाही, फक्त काचेचे तुकडे मांडीवर होते. मी यांना म्हटलं, "अहो, मधातच काहून थांबले?" तर म्हणतात, "सिंगल मारली ना तू? मंग गाडी थांबनच. एकतीस वर्षं थांबत आलो." थोड्या वेळाने वरून म्हणतात, "पाहिलं, ब्रेक कसे आहेत?" साकोलीपर्यंत मात्र गाडी बैलगाडीच्या गतीनेच नेली. चूक त्यांची नव्हती, राखी. माझी होती. आणि अशी चूक पुन्हा होणार नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मागच्या सीटवर तू असशील, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

म्हणून तू असं कर. रविवारी फोन कर आणि सांग, डॉक्टरीणबाईंनी मोटारीचा प्रवास नको म्हटलं आहे, मी रेल्वेनेच येते. तुमसर रोडला उतर, आम्ही घ्यायला येतो. डॉक्टरांचं नाव घेतलंस की ते मानतील. त्यांच्या डोळ्यांचं काही बोलू नकोस, कारण

बाबा आले. उद्या लिहिते.

शुक्रवार

काल "कारण" लिहून थांबले ते बरंच झालं. रात्रभर तोच शब्द डोक्यात होता. आता लिहूनच टाकते.

दिवाळीच्या आधी आम्ही भंडाऱ्याला डोळे दाखवायला गेलो होतो. काचबिंदू निघाला, थेंब दिले, एवढं तुला माहीत आहे. थेंब आणायला बाबा औषधाच्या दुकानात गेले, तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं. म्हणाले, समोरचं दिसतं म्हणून त्यांना कळत नाही, पण दोन्ही बाजूंची नजर गेली आहे, आणि गेलेली परत येत नाही. गाडी आजपासून बंद. तसं कागदावर लिहूनही दिलं. बाबा दुकानातून आले तोवर मी कागदाची घडी केली. तो कागद महिनाभर तांदळाच्या डब्यात तळाशी होता. त्यांना मी सांगितलंच नाही.

त्यांचं मन मोडेल म्हणून नाही सांगितलं, असं मी स्वतःला म्हणत होते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं तुलाच सांगते, हसू नकोस. राखी, मला ते आवडत होतं. एकतीस वर्षं हा माणूस पहाटे डबा घेऊन निघून जायचा आणि मी दारात उभी राहायची. तो सहा नंबर रोड मी कधी पाहिलाच नव्हता. आता मी त्यांच्या शेजारी बसते, मोहघाट्याच्या जंगलातून जाते, लाखनीचा, साकोलीचा बोर्ड वाचते, आणि माझ्या बोटावर गाडी चालते. मी वाजवल्याशिवाय ते हलत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी गरज पडली, आणि तेवढ्यासाठी मी दोघांचाही जीव पुलावर नेला. मला माझीच लाज वाटते.

आज सकाळी काय झालं ते ऐक. अंगणातून मला हाक मारली, "अवो, इकडं ये, गंमत दाखवतो." गाडीच्या मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली, तुझ्या पाठीला टेकायला दोन उशा. नवा आरसा बसवलेला. आणि माझ्या जागेसमोर, फळीवर, तुझ्या शाळेच्या सायकलची घंटी. चिंच लावून घासून लख्ख केली होती. म्हणाले, "आता बोट नको झिजवू. राखी मांगं बसन. घंटी साफ ऐकू आली पाहिजे. वाजवून पाह्य."

म्हणजे आपल्याला दिसत नाही, हे त्यांना सगळं ठाऊक होतं. कागद सोडून सगळं.

मी बसले. ते आपल्या जागेवर बसले, दोन्ही हात चाकावर, गाडी बंदच होती. मी घंटी एकदा वाजवली. त्यांचा पाय लगेच ब्रेकवर गेला.

"काहून? अजून निघालो कोठं आपण?"

मी घरात गेले, डबा उपडा केला, कागद आणून त्यांच्या हातात दिला. ते वाचायला लागले, पण अक्षर डॉक्टरचं. मग मलाच सांगावं लागलं. हळू सांगितलं तर "काय?" म्हणाले. पुन्हा सांगितलं, पुन्हा "काय?" शेवटी ओरडून सांगितलं, "डॉक्टरनं गाडी बंद करायले सांगितली! बाजूचं दिसत नाही तुमाले! मी लपवलं!" चंदाची आई भांडी घासायची थांबली. जी गोष्ट नवऱ्यापासून महिनाभर लपवली, ती सगळ्या गल्लीला ओरडून सांगावी लागली.

त्यांनी कागदाची घडी घातली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. दुपारपर्यंत गाडीतच बसून होते. जेवायला बोलावलं तर आले नाहीत, म्हणून ताट तिथेच नेलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिंगल झाल्यावर ड्रायव्हर गाडी नेत नसते. केवळरामनं विसरून एकदा डबल नाही मारली, तं मी गाडी घेऊन उभाच होतो." मी म्हटलं, "हो."

मग भात चिवडायला लागले. आणि विचारलं, "मंग डबल कधी मारशीन?"

मी ताट उचलून आत आले. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशातच आहे, कॅलेंडरवरचा गोल तसाच आहे, आणि सोमवारी पहाटे ते काय करतील, हे मला सांगता येत नाही.

काल लिहिलेलं खोटं आता बोलू नकोस. डॉक्टरीणबाईंना मध्ये आणू नकोस. फोन कर आणि त्यांनाच, मोठ्याने, सांग की बाबा, आईने मला सगळं कळवलं आहे, मी रेल्वेने येते, तुम्ही दोघं फलाटावर उभे राहा. ते चिडले तरी फोन ठेवू नकोस. आणि सोमवारी ते तुझ्या दारात येऊन उभे राहिलेच, तर मी त्यांच्या शेजारीच असेन, त्यांना एकटं सोडणार नाही. पण मागचं दार तू उघडायचं नाहीस. मी उघडून दिलं तरी नाही.

गोधडी मी काढली नाही. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

त्यांच्यासाठी वाजवली तीच घंटी तुझ्यासाठीही वाजवते आहे. एकदाच. बोट अडलं म्हणून नाही, ठरवून.

तुझी आई,
रुखमिणी