सात मजले, पायी

३ मार्च, सोमवार. आठवडा एकतिसावा.
आजपासून रोजनिशी. डोकं फुटायची वेळ आली आहे आणि घरात ऐकणारं कुणी नाही. म्हणजे आहेत, पण ते लगेच सल्ला देतात.
पोटाखाली, अगदी पुढच्या हाडात, बारीक चमक येते. मोजायचीच झाली तर दहापैकी दोन. याला दुखणं म्हणत नाहीत. ऑफिसच्या गाडीची मागची सीट खोल आहे, त्याचा हा परिणाम. ड्रायव्हरला तसं सांगितलं. म्हणाला, मॅडम, सीट पाच वर्षं तीच आहे. उद्धट माणूस.
संकल्प : अडतिसाव्या आठवड्यापर्यंत काम. माझ्या यादीतल्या बावीस लिफ्ट तपासायच्या राहिल्यात. बावीसच्या बावीस मी स्वतः तपासणार. एकही टायवाल्याकडे जाणार नाही. (टायवाला म्हणजे शेजारच्या टेबलावरचा तपासनीस. भर उन्हाळ्यात टाय. वंगण लागू नये म्हणून यंत्र लांबून पेनने दाखवतो.)

६ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ उत्तम. मी चमकेचं सांगितलं. म्हणाल्या, "होतं या दिवसांत."
संताप. संताप. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर मी 'होतं या दिवसांत' असा शेरा मारून सही करते का?
फिजिओसाठी चिठ्ठी दिली आहे. जाणार नाही. फिजिओ खेळाडूंसाठी असतो.

११ मार्च
गेले. नवऱ्याने परस्पर अपॉइंटमेंट घेतली होती.
फिजिओ म्हणजे पोरगी आहे, कॉलेजातून कालच सुटल्यासारखी. कमरेच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा हातात घेऊन म्हणाली, इथले सांधे सैल झालेत, दोन्ही बाजू सारख्या हलत नाहीत, म्हणून दुखतं. बाळाला काही धोका नाही. मग नियम : एका पायावर उभं राहायचं नाही. पँट बसून घालायची. गाडीत शिरताना गुडघे जुळलेले. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. जिने टाळायचे. कमरेला पट्टा.
विचारलं, काम काय करता? म्हटलं, लिफ्ट तपासते. टाळी वाजवायची बाकी होती. "अरे वा, मग जिन्यांचा प्रश्नच मिटला!" आता हिला कोण सांगणार, की लिफ्ट तपासायची तर ती थांबते त्याच्याही वर चढून जावं लागतं.
पट्टा आणला. कपाटात टाकला. सगळ्यात वरच्या फळीवर.

१४ मार्च, सकाळी ७.१०
पँट उभ्याने घातली! त्या फिजिओ पोरीला कळवा कुणीतरी.
७.२५. अजून बाथरूममध्येच. दार धरून उभी आहे. घाई नाही म्हणून.
७.४०. नवरा बाहेरून विचारतोय, ठीक आहेस ना. ओरडले. माणसाला बाथरूममध्ये तरी एकटं राहू द्या!
७.५५. त्याला आत बोलावलं. फक्त दाराची कडी तपासायला.

१८ मार्च
सासूबाईंनी स्टुलावर चढून पट्टा खाली काढला, धुतला, वाळवला आणि घडी करून माझ्या पलंगावर ठेवला. तोंडातून एक शब्द नाही. हा टोमणा आहे. बोलल्या असत्या तर उत्तर तरी देता आलं असतं.
नवऱ्याने माणसाएवढी लांब उशी आणली. मी म्हटलं, आता तुला जागाच नाही. म्हणाला, सवय झाली. म्हटलं, म्हणजे काय? तो चहा करायला गेला. दोन तास झाले, विषय काढत नाही.

२४ मार्च. आठवडा चौतिसावा.
तेरा झाल्या, नऊ राहिल्या.
साहेबांनी टायवाल्याच्या देखत विचारलं, चालताना त्रास होतोय का. त्रास कसला? मी सावकाश चालते. अधिकाऱ्याने सावकाशच चालावं. साहेब म्हणाले, ती सात मजली इमारत यांना देऊन टाकू या का? 'यांना' म्हणजे टायवाल्याला. तो लगेच पुढे झुकला. म्हणे, मला काहीच अडचण नाही. त्याला कधी अडचण असते? मी म्हटलं, सर, ती फाइल माझी आहे. आवाज जरा चढला असावा, कारण पलीकडच्या खोलीतलं टायपिंग थांबलं.
फाइल माझ्याकडेच. विजय!
दुखणं : दहापैकी तीन. (आधी सहा लिहिलं होतं. खोडलं. सहा वाचायला बरं दिसत नाही.)

१ एप्रिल, संध्याकाळ. आठवडा पस्तिसावा.
सात मजली इमारतीची तपासणी पूर्ण. लिफ्ट बंद करून सील केली. जिन्याचीही बारकाईने पाहणी केली. चौथ्या मजल्यावर कठडा हलतो.
अहवाल संपला.

त्याच दिवशी, तासाभराने
हे कुणी वाचणार नाही. मग खोटं कुणासाठी लिहितेय?
लिफ्टने सातव्या मजल्यावर गेले. तिथून गच्चीपर्यंत एक जिना, सोळा पायऱ्या. चढताना दोनदा थांबले आणि दोन्ही वेळा फाइल वाचल्यासारखं केलं. मशीनच्या खोलीत बघते तर ब्रेकच्या पट्ट्या झिजून आतलं लोखंड उघडं पडलेलं, दोराच्या तारा तीन ठिकाणी तुटलेल्या. अशा लिफ्टमधून माणसं रोज वरखाली करतात. मीही आत्ताच वर आले होते. पोटासकट. अशी चिडले की तिथल्या तिथे लिफ्ट बंद केली. सील ठोकलं.
सोसायटीचा सेक्रेटरी आधी ओरडला. सातव्या मजल्यावर म्हातारी माणसं आहेत, त्यांनी काय उडी मारायची? दोन-तीन दारं उघडली, सगळे मिळून ओरडले. मग सेक्रेटरीची नजर माझ्या पोटाकडे गेली आणि तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, उद्यापासून बंद करा ना. आज तुम्हालाच खाली जायचंय."
शपथेवर सांगते, क्षणभर मनात आलं. एकदाच खाली जायचंय, कुणाला कळणार आहे? मग मनात आलं, की माझ्यामागून सातव्या मजल्यावरची ती म्हातारी माणसंही एकदाच खाली जाणार.
म्हटलं, जिना कुठे आहे?
सहावा मजला : ठीक. पाचवा : ठीक नाही. पाचव्याच्या खाली अर्ध्यात उजवा पाय उचलायला गेले आणि पुढचं हाड उभं चिरल्यासारखं झालं. आवाज निघाला. माझाच. बसले पायरीवर, भिंतीला डोकं टेकून. मोबाइलला रेंज नाही. आधी गाडीच्या सीटवर चिडले, मग त्या पोरीवर, नवऱ्यावर, टायवाल्यावर. सगळे संपले. मग रडले.
पाचव्या मजल्यावरच्या एका बाई गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आल्या. सेक्रेटरी, वॉचमन आणि मघाशी ओरडणाऱ्यांपैकी दोघं, असे चौघं. मला खुर्चीत बसवून खाली आणलं. मी म्हणत होते, याची गरज नाही. सेक्रेटरी म्हणाला, "मॅडम, बोलू नका, हलता तुम्ही." मागून कुणीतरी पुटपुटलं, स्वतःच बंद करायची आणि मग आम्ही उचलायचं. त्याला उत्तर द्यायला वळले तर खुर्ची कलली. गप्प बसले. चार मजले गप्प. माझ्या आयुष्यातला विक्रम असावा.
दुखणं : दहापैकी दहा.

२ एप्रिल
टायवाल्याचा फोन. साहेबांनी त्याला दुरुस्ती बघायला तिथे पाठवलं होतं. म्हणाला, अहवाल बरोबर आहे, ब्रेक केव्हाही गेला असता. मग म्हणाला, "खरं सांगू? मी असतो तर उद्याची तारीख टाकून लिफ्टनेच खाली आलो असतो."
नऊपैकी आठ राहिल्या, त्या त्याला दिल्यात. त्याला शिव्या द्यायला आता काहीच उरलं नाही. हा माणूस वाईटच आहे. कुणी चांगलं वागून असा राग पळवतं का?

३ एप्रिल, दुपार
घरी सक्तीची विश्रांती. योजना : दोन दिवसांत विश्रांती पूर्ण करणे.
सासूबाई पट्टा घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याच्या वेळी दिवस गेले असताना शेवटचे दोन महिने त्या जिना बसून उतरायच्या. एकेक पायरी, हात टेकून. त्यांच्या सासूने सगळ्यांसमोर विचारलं, ही काय नाटकं?
मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?
"काही नाही. बसून उतरले. मनात मात्र सगळ्यांना फाडून खाल्लं."
मी म्हटलं, आई, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "तू कुणाला बोलू देतेस?"
उत्तर होतं माझ्याकडे. दिलं नाही.
मला उठवून बसवलं, पट्टा हातात दिला. मी वर बांधत होते, त्यांनी चार बोटं खाली ओढला. चमक गेली नाही. पण हाड कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवल्यासारखं वाटलं.
त्या बाहेर गेल्यावर चिडायचं होतं. त्यांच्या सासूवर. त्या बाईंना जाऊन तीस वर्षं झाली.

७ एप्रिल. आठवडा छत्तिसावा.
आजची योजना सकाळी लिहिली होती : साहेबांना सविस्तर पत्र, बाळाचे कपडे लावणे, फोनवरून टायवाल्याच्या कामावर देखरेख, संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालणे.
आज प्रत्यक्षात झालेलं काम : दुपारी कूस बदलली. डावीकडून उजवीकडे.
एकटीने नाही.